रंगाखालचा खिळा

…आणि खिळ्यावरही रंग दिलेला. भिंतीचाच फिकट बदामी रंग, खिळ्याच्या डोक्यावरून ओघळून खाली आलेला आणि तसाच वाळलेला. म्हणजे रंगवणाऱ्याने तो उपटायचा कंटाळा केला असेल, किंवा त्याला वाटलं असेल की नव्या माणसांना काहीतरी टांगायला लागेलच. मार्लाच्या एका हातात कॉफीचा मग होता आणि दुसऱ्या हाताच्या नखाने ती रंगाचा पोपडा उकरत होती. या घरात येऊन चार वर्षं झाली. चार वर्षं हा खिळा जिन्याशेजारच्या भिंतीवर, बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर आहे, आणि इतक्या दिवसांत तिने तो उपटलेला नाही की त्यावर काही टांगलेलंही नाही.

भिंतीला भोक पाडायचं नाही, हे तिला नवऱ्याच्या कोचगिरीच्या पहिल्याच गावात एका म्हाताऱ्या कोचच्या बायकोने सांगितलं होतं. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. “पोरी, पाडलेलं भोक जाताना आपल्यालाच बुजवावं लागतं, आणि जावं तर लागतंच.” बाई हसत हसत बोलली होती, बटाट्याचं सॅलड वाढता वाढता, आणि मार्लाही हसली होती, कारण हे दुसऱ्यांच्या नवऱ्यांबद्दल आहे अशी तिची समजूत होती. त्यानंतर पाच गावं झाली. फोटो तपकिरी कागदात, कागदातले फोटो खोक्यांत, खोकी गराजमध्ये. एका खोक्यावर तिच्याच अक्षरात ‘दिवाणखाना’ असं लिहिलेलं आहे, पण कुठल्या घराचा दिवाणखाना हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

बाहेर ढोल सुरू झाले. कॉलेजचा बँड. ऑगस्ट निम्मा सरला की ही मुलं ऊन चढायच्या आत मैदानाशेजारी जमतात आणि तोच तो तुकडा वाजवत राहतात. एका ठिकाणी हटकून अडखळतात, थांबतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. गावाला हा आवाज फार प्रिय. धान्याच्या कोठारांपासून चर्चपर्यंत सगळ्यांचे चेहरे त्याने उजळतात. मार्लाच्या पोटात मात्र गोळा येतो, आणि यंदा तो जरा जास्तच मोठा आहे, कारण यंदा आम्ही पहिले आहोत.

पहिले, म्हणजे अजून कुणी चेंडूला हातसुद्धा लावलेला नाही—पहिला सामना येत्या शनिवारी—पण आमच्या गटातल्या कॉलेजांचे कोच आणि वार्ताहर मिळून दर उन्हाळ्यात जे भाकीत करतात, त्यात पहिले. आधीची तीन वर्षं आम्ही शेवटून दुसरे असायचो. काय सुखाचे दिवस होते ते! कुणाला कसलीच आशा नव्हती, चार सामने जिंकले तरी न्हाव्याच्या दुकानात लोक डेलची पाठ थोपटायचे, केस कापायचे पैसे घ्यायचे नाहीत. गेल्या वर्षी अकरापैकी आठ जिंकलो. त्यातला शेवटचा तर शेवटच्या किकवर—चेंडू खांबाला लागला, क्षणभर कुठे जावं ते त्याला ठरवता येईना, आणि मग आत पडला. वीतभर इकडे पडता तर आज कुणी आमचं नाव घेतलं नसतं. त्या वीतभरामुळे आता नऊ जिंकले तर लोक म्हणणार ‘ठीक आहे’, आठ जिंकले तर म्हणणार ‘काय झालं काय यांना?’, आणि सात… सातचा विचार मार्लाने कॉफीबरोबर गिळला.

डेलला हे बोलून दाखवण्यात अर्थ नसतो. डेल तिचा नवरा आणि कॉलेजच्या या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच. ऑगस्टमध्ये मात्र तो फक्त कोचच असतो. पहाटे अंधारात जातो, रात्री गवताचा वास घेऊन येतो, ओरडून ओरडून घसा बसलेला असतो, आणि काही विचारलं तर बायकोलाही तेच उत्तर देतो जे वार्ताहरांना देतो—“आपण एकेक दिवस बघायचा.” अरे, एकेक दिवस तू बघ. वर्ष कुणी बघायचं? खोकी कोण भरतं?

पाटी तिला दिसली ती खिडकीचा पडदा सारताना.

लाल-पांढरी, दोन लोखंडी पायांवर उभी, अंगणाच्या कोपऱ्यातल्या गवतात जरा कलती रोवलेली. ‘विकणे आहे’. खाली फोन नंबर. मार्लाने ती एकदा वाचली आणि मग नुसतीच बघत राहिली. कॉफीच्या मगाची उष्णता बोटांना भाजत होती, तरी तो खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

आधीच्या एका गावात, ओहायोत, अशीच पाटी नोव्हेंबरात आली होती. चार सामने लागोपाठ हरल्यावर. रात्री कुणीतरी येऊन रोवून गेलं होतं—कोच नकोसा झाला की त्याच्या अंगणात अशी पाटी लावायची, ही या खेळातली गंमत, सगळीकडे चालते, पोलिसही हसून सोडून देतात. मुलगी ब्रिन तेव्हा सहा वर्षांची होती, अक्षराला अक्षर जोडायला नुकतीच शिकत होती. शाळेची पिशवी पाठीला लावून ती पायरीवर उभी राहिली आणि बोट दाखवत वाचलं—वि-क-णे… आ-हे—आणि वळून असं बघितलं की बस्स, कुणाच्याही मदतीशिवाय पुरतं वाचलं होतं तिने, आयुष्यात पहिल्यांदा. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार? मी तिथे पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि मग तिने विचारलं, “आई, आता आपण कुठे जायचं?”

पण तेव्हा निदान नोव्हेंबर होता, निदान हरलो तरी होतो! आज अजून ऑगस्ट आहे, मका अजून शेतात उभा आहे, चेंडू अजून पिशवीत आहे—आणि यांची पाटी तयार! मार्ला तशीच अनवाणी, गाऊनवरच बाहेर पडली. गवत ओलं होतं. दोन्ही हातांनी पाटी हलवून हलवून तिने उपटली, लोखंडी पायांना मातीचं ढेकूळ चिकटून आलं, आणि ती ओढत गराजमध्ये नेऊन खोक्यांच्या मागे कोंबली. परत येताना शेजारच्या खिडकीत ऑपल उभी असलेली दिसली. ऑपल लिंडक्विस्ट, ऐंशी ओलांडलेली, एकटी, सकाळी सगळ्यांच्या आधी उठणारी. ऑपलने हात वर केला. मार्लानेही केला. बघितलं असेल तर बघू दे, लाज मला कशाला?

स्वयंपाकघरात ब्रिन उभ्याउभ्याच दूध आणि सीरियल खात होती. सतरा वर्षांची, बापासारखी उंच.

“तुझ्या पायांना चिखल लागलाय.”

“झाडांना पाणी घालत होते.”

“अनवाणी? आणि गाऊनवर?” ब्रिनने चमचा चाटला. “बरं, मी आज मैदानावर यायलाच हवं का? टेस म्हणत होती तळ्यावर जाऊ.”

“यायलाच हवं. टरबूज कापायला माणसं कमी आहेत. टेसलाही घेऊन ये.”

टेस. हे नाव घरात येऊन वर्ष झालं असेल. त्याआधीच्या गावांतून ब्रिनने कुणाचं नाव घरी आणलं नव्हतं, आणि मार्लाने विचारलंही नव्हतं, कारण उत्तर तिला माहीत होतं. आता टेस आहे, यंदा शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तानगिरी आहे, शाळेचं शेवटचं वर्ष आहे. आणि तरीही काल धुतलेले कपडे ठेवायला मार्ला वर गेली तेव्हा ब्रिनची बॅग पलंगाशेजारी उघडी पडली होती आणि निम्मे कपडे त्यातच होते—कपाट अर्धं रिकामं. कुणी शिकवलं तिला हे? कुणी शिकवायला लागतं का? घरातल्या भिंती बघत वाढलेली पोर ती. मेमध्ये शाळा संपते. कोचला काढतात डिसेंबरात.

मैदानावर दुपारी सगळं गाव लोटलं होतं. दर हंगामाआधीचा हा रिवाज, एक दिवस खेळाडूंनी टेबलं मांडून बसायचं, पोरासोरांच्या टोप्यांवर सह्या करायच्या, लोकांनी सॉसेज खायचं आणि या वर्षी काय होणार ते एकमेकांना सांगायचं. उन्हाने गवताला भाजल्याचा वास येत होता. पलीकडे डेल एका वार्ताहरासमोर उभा होता, नाकाचं टोक सोललेलं, आणि त्याचे ओठ हलताना बघूनच तिला कळलं की तो एकेक दिवस बघतोय. मार्ला टरबूज कापत होती. दर माणूस फोड उचलताना काहीतरी बोलून जात होता—यंदा काय बाई, मजा आहे तुमची. यंदा आपण कुणाला सोडत नाही. माझ्या सासऱ्याला आणलंय मुद्दाम, म्हटलं मरायच्या आधी एक चषक बघून घ्या—आणि ती प्रत्येकाकडे बघून हसत होती आणि प्रत्येकाचे हात बघत होती. या हातांनी रोवली असेल? या? नखांत माती आहे का? गेल्या वर्षी हेच हात मला मिठ्या मारत होते. मनातल्या मनात तिने पाद्रीबाबालाही सोडलं नाही.

मग मर्ल आला. मर्ल स्टॉफर, बियाण्याचा व्यापारी. मैदानावरचा नवा धावफलक त्याच्या देणगीचा, त्यामुळे संघ आपलाच आहे असं बोलायची त्याला सवय.

“काय कोचीणबाई, पहिला नंबर मानवतोय ना?”

“अजून तरी काही वेगळं वाटत नाही.”

“वाटेल, वाटेल! मी डेलला सांगूनच टाकलंय, यंदा दहा. दहाच्या खाली आलास तर तुझ्या दारात येऊन बसतो म्हटलं.”

दारात. मार्लाच्या हातातली सुरी टरबुजात अर्ध्यावर थांबली.

“आलाच होतात की, सकाळी.”

“कोण, मी?”

“निदान पानं तरी गळू द्यायची, मर्ल. नोव्हेंबरपर्यंत दम निघत नव्हता?”

“कसली पानं? काय बोलताय तुम्ही?”

“पाटी.” आपला आवाज वाढलाय हे तिला ऐकू येत होतं, पण तो आवाज आवरायचा कुणी, हे कळत नव्हतं. “तुम्ही लावलीत की आणखी कुणी, ज्याने लावली त्याला सांगा, ते घर विकायचं नाही. दहा जिंकू, आठ जिंकू, नाहीतर एकही जिंकणार नाही—आम्ही या गावातून हलणार नाही. मी तरी नाही. पोरगी इथेच शाळा संपवणार. लक्षात ठेवा आणि न्हाव्याच्या दुकानात जाऊन सांगा सगळ्यांना.”

सॉसेज उलटणाऱ्याचा चिमटा हवेत राहिला. मर्लने टोपी काढली, आत बघितलं, जणू उत्तर तिथे ठेवलं होतं, आणि पुन्हा घातली.

“बाई,” तो म्हणाला, “मी टरबूज मागायला आलो होतो हो.”

तिने त्याला फोड दिली. मोठी दिली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ब्रिन आणि टेस उभ्या होत्या. टेस खाली मान घालून हसू दाबत होती, ब्रिन हसत नव्हती. ती आईकडे नुसती बघत होती आणि तिच्या मनगटावरून टरबुजाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं.

परत येताना गाडी चालवत मार्लाने ते वाक्य पुन्हा मनात ऐकलं. ‘मी तरी नाही.’ हे कुठून आलं? सकाळी ते आपल्याकडे नव्हतं. की होतं, आणि… वीस वर्षं डेल जिथे बोट ठेवेल तिथे गेले, तक्रार केली नाही, उलट नव्या गावात पोचल्या पोचल्या किराणा कुठे मिळतो ते शोधून काढलं, आणि याला लोक समंजसपणा म्हणत आले. मीही म्हणत आले. मग आज गावासमोर, टरबूज कापता कापता, नवऱ्याला सोडून मी इथे राहीन असं मी बोलून मोकळी झाले आणि मला भीतीसुद्धा वाटली नाही. भीती आता वाटतेय, थोडी. पण तिच्याखाली काहीतरी घट्ट आहे, पाय टेकतोय.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. ऑपल होती. जांभळा ब्लाऊज, लिपस्टिक. शेजारी जायचं तरी ऑपल तयार होऊन येते.

“मार्ला, अगं, विचारायला बरं वाटत नाही, पण माझी पाटी तुझ्याकडे आहे का?”

“तुमची… पाटी?”

“लाल-पांढरी. मीच लावायला सांगितली होती. तो दलालाकडचा पोरगा भल्या सकाळी आला आणि तुमच्या बाजूला रोवून गेला. त्याला काय कळणार आमचं कुठे संपतं नि तुमचं कुठे सुरू होतं? मध्ये कुंपण नाही, काही नाही. मलाच इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही.”

मार्ला दाराला धरून उभी राहिली. सगळी दुपार तिच्या डोळ्यांसमोरून गेली—मर्लची टोपी, पाद्रीबाबाची नखं.

“तुम्ही घर विकताय?”

“मुलगा ॲरिझोनाला बोलावतोय. गेल्या हिवाळ्यात पडले ना मी पायरीवर, तेव्हापासून त्याने धोशा लावलाय. तिकडे गवत नसतं म्हणे, अंगणात दगड पसरतात.” ऑपलने ब्लाऊजची बाही सारखी केली. “तुला सांगायचंच होतं, पण तोंड उघडेना. आणि मग सकाळी तू बाहेर आलीस, अनवाणी, आणि ती पाटी उपटून घेऊन गेलीस. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, कळलं हिला. मी चाललेय म्हणून राग आलाय.” तिने मार्लाच्या मनगटावर हात ठेवला, कागदासारखा हलका हात. “खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं गं मला. इथून जाताना माझ्यासाठी कुणी चिडेल असं वाटलं नव्हतं.”

खरं काय ते सांगायला मार्लाने तोंड उघडलं होतं. चार वर्षांत या बाईने किती वेळा केक आणून दिला, बर्फात किती वेळा हाक मारली, आणि मी दर वेळी दारातच उभी राहून आभार मानले. आत या, बसा, असं म्हटलं नाही, कारण माणसंही भिंतीसारखीच, त्यांतही भोक पाडायचं नाही, असा माझा हिशेब…

“राग आलाच होता,” ती म्हणाली. आणि म्हणताना तिला कळलं की आता तो खरोखर आलाय, या म्हातारीने जायचं ठरवलं याचा. “बसा, ऑपल. आत या. आधी कॉफी घ्या, मग मी पाटी लावून देते.”

डेलची गाडी आली तेव्हा ऑपल कॉफी पिऊन घरी गेली होती आणि मार्ला ऑपलच्या अंगणात गुडघ्यांवर बसून हातोडीने पाटीचा एक पाय ठोकत होती. डेल गाडीतून उतरला, दार न लावता थोडा वेळ बघत राहिला. घसा पुरता गेला होता, तो कुजबुजल्यासारखा बोलला.

“तू म्हणे मर्लला झापलंस.”

“झापलं.”

“त्याने आपल्या दारात पाटी लावली म्हणून.”

“त्याने नाही लावली. ही ऑपलची आहे. चुकून आपल्या बाजूला आली होती.”

डेलने पाटी वाचली, आणि हसला. बसलेल्या घशातून नुसती हवा आली. “मग त्याची माफी मागायला लागेल.”

“पाटीबद्दल मागेन. बाकी बोलले ते बोलले.”

“बाकी काय?”

“ते मर्लने सांगितलं नाही वाटतं?” मार्लाने हातोडी गवतात ठेवली, उठली नाही. “डिसेंबरात काय व्हायचं ते होऊ दे, डेल. तुला दुसरीकडे बोलावलं तर तू जा, मी अडवणार नाही. पण मी आणि ब्रिन इथे राहणार. तिची शाळा होईपर्यंत नक्की, पुढचं पुढे बघू. आणि यापुढे खोकी मी भरणार नाही.”

तो थकलेला होता, उन्हाने रापला होता, आणि त्याच्या बुटांच्या नाड्यांत गवताच्या काड्या अडकल्या होत्या. तिला त्याची माया आली, भरपूर आली, पण त्या मायेने तिचं वाक्य जराही मागे सरकलं नाही, हे तिने लक्ष देऊन बघितलं.

“पहिल्या सामन्याच्या आधीच बोलायला हवं होतं हे?”

“पहिल्या सामन्याच्या आधीच बोलायला हवं होतं. वीस वर्षांपूर्वीच्या.”

“आपण एकेक…” डेलने सुरुवात केली आणि आपण होऊनच थांबला. मग खाली वाकून त्याने पाटीचा दुसरा पाय धरला, सरळ केला, आणि तिच्याकडे हातोडीसाठी हात पुढे केला. तिने दिली नाही. तो पाय धरून राहिला आणि तिने ठोकला.

घरात शिरताना डेल पुढे होता. जिन्यापाशी तो थबकला. मार्ला बाहेर असताना कुणीतरी तपकिरी कागद फाडून जमिनीवर टाकला होता, चिकटपट्टीचे तुकडे होते, आणि रंगाखालच्या त्या खिळ्यावर फोटो टांगलेला होता—सुरुवातीच्या कुठल्यातरी गावातलं मैदान, नुकताच संपलेला सामना, डेलच्या खांद्यावर तीन वर्षांची ब्रिन आ वासून ओरडतेय, आणि बाजूला मार्ला, बारीक, केस उडालेले, तिचंही तोंड तितकंच उघडं. वर ब्रिनच्या खोलीत टेस काहीतरी बोलत होती आणि कपाटाचे खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते.

“वाकडा लावलाय,” डेल म्हणाला.

“असू दे.”

तो तोंड धुवायला गेला. मार्ला तिथेच उभी राहिली. फोटोतली ती बाई कशासाठी ओरडतेय? तिला आठवेना—कोण खेळत होतं, किती गुण झाले होते, त्या विजयाने आमचं आणखी एक वर्ष वाढलं होतं का… नाही. तेव्हा तसा हिशेब ती करतच नव्हती. संघ जिंकला होता म्हणून ओरडत होती, इतकंच. दूर मैदानावर संध्याकाळचा सराव सुरू झाला होता; ढोल त्याच जागी अडखळले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून लागले. मार्लाने पोटातल्या गोळ्याची वाट बघितली. तो आला नाही, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं, इतक्या वर्षांनी आलं की तिला ते आधी ओळखताच येईना. जिंकायला हवं शनिवारी. घर राहावं म्हणून नाही, मर्ल दारात येऊन बसू नये म्हणूनही नाही. नुसतं जिंकायला हवं. आणि खांबाला लागून नको—सरळ, मधोमध.